जोड उघडा राहू नये

(मांजर्ली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका माध्यमिक शिक्षकाने, बी. ए., बी. एड., दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. विषय आहे स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगनंतरची सफाई, आणि बोलणार आहे मराठी व इतिहास शिकवणारा मास्तर! मी कला शाखेचा पदवीधर. खडू आणि डस्टर यांपलीकडे कोणतेही हत्यार मी आयुष्यात नीट हाताळलेले नाही. परंतु आज या सभागृहात बसलेल्या पालकांपैकी कितीतरी जण अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या कारखान्यांत अन् लहानमोठ्या शेडमध्ये वेल्डर, फिटर, फॅब्रिकेटर किंवा हेल्पर म्हणून राबतात. आमच्या वर्गातली पुष्कळ मुले उद्या त्याच वाटेने जाणार आहेत. ज्या कामावर आपली चूल पेटते, त्या कामाची विद्या शाळेच्या व्यासपीठावरून कधी बोलली जात नाही. ती उणीव आज थोडी भरून काढावी, असा माझा विचार आहे. मी जे सांगणार आहे ते मला एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शिकवले. राहिलेले मी पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारून शिकलो.

गोष्ट एका पाण्याच्या टाकीपासून सुरू होते. तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत लोकवर्गणीतून पिण्याच्या पाण्यासाठी स्टेनलेस स्टीलची टाकी बसवली. चार नळ, चकचकीत पत्रा, वर झाकण. मृगाच्या आधी टाकी बसली आणि दसऱ्याला पाहतो तो काय, सगळ्या जोडांवर तपकिरी रेघा उमटलेल्या! नळाच्या मुळाशी तर गंजाचे ओघळ उतरलेले. लोक म्हणू लागले, "माल डुप्लिकेट आहे. फसवले आपल्याला." एकाने घरून लोहचुंबक आणले. पत्र्याला ते चिकटेना, पण जोडावर लावताच थोडे ओढले गेले. "पकडली चोरी!" असा एकच गलका झाला. खरे सांगतो, त्या गलक्यात माझाही आवाज होता.

त्या वेळी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पुढे आले. त्यांचा धंदा फॅब्रिकेशनचा. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी जोडावरून बोट फिरवले, टाकीच्या आत डोकावून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, पत्रा खरा आहे. जोड उघडा राहिला आहे."

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझे कित्येक दिवस गेले. तो अर्थ आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम चुंबकाचा गैरसमज दूर करू. चुंबक चिकटले म्हणजे स्टेनलेस खोटे, ही समजूत चुकीची आहे. भांड्यांत आणि टाक्यांत वापरले जाणारे ३०४ जातीचे स्टेनलेस, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते चुंबकाला सहसा दाद देत नाही. पण तेच वितळवून जोडले की जोडात धातूची रचना किंचित बदलते आणि चुंबक थोडे ओढले जाते. उलट, स्टेनलेसच्या काही अस्सल जातींना चुंबक चांगले चिकटते. आणि ज्यांत निकेल कमी घालून मँगनीज वापरलेले असते, अशा स्वस्त जातींना ते चिकटत नाही, तरी गंज लवकर धरतो. म्हणून बाजारात भांडी घेताना चुंबकाच्या भरवशावर राहू नका.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्टेनलेस स्टील गंजत का नाही?

आपल्या आजीच्या काळी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. कल्हईवाला गल्लीत येई, भाता लावून भांडे तापवी, नवसागर टाकून आतला मळ काढी आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. क्षणात भांडे आतून रुपेरी होई. आपल्यापैकी काहींचे आजे-पणजे हाच धंदा करीत असतील. ही कल्हई बाहेरून लावलेली असे, ती झिजे आणि पुन्हा करावी लागे. स्टेनलेस स्टीलची कल्हई मात्र त्याच्या अंगातूनच निघते. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले, की पृष्ठभागावरचे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते आणि एक अत्यंत पातळ, पारदर्शक थर तयार होतो. तो इतका पातळ असतो की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-तीन भाग एवढीच त्याची जाडी भरेल. माणसाचा केस त्याहून वीस-तीस हजार पट जाड. आतल्या लोखंडाला हवा-पाण्यापासून राखण्याचे सारे काम हा न दिसणारा थर करतो. त्यावर ओरखडा उठला तरी जागा स्वच्छ असेल आणि हवा लागत असेल, तर तो आपोआप पुन्हा धरतो. म्हणून रोज घासूनही आपले स्टीलचे ताट वर्षानुवर्षे टिकते.

या थरामुळे धातूला येणाऱ्या स्थितीला शास्त्रात पॅसिव्ह, म्हणजे निष्क्रिय, असे म्हणतात. मुलांनो, निष्क्रिय हा शब्द मी तुमच्या प्रगतिपुस्तकात लिहिला तर तुम्हाला वाईट वाटेल. धातूच्या बाबतीत तो प्रशंसेचा शब्द आहे. धातू निष्क्रिय झाला म्हणजे पाणी, हवा, ताक, चिंच यांच्याशी तो भांडत बसत नाही.

मग वेल्डिंगमध्ये काय बिघडते? हे स्टील सुमारे १४०० ते १४५० अंश सेल्सिअसला वितळते. वेल्डरची ठिणगी जिथे पडते तिथे आणि तिच्या आजूबाजूला त्या तापात हवेचा प्राणवायू धातूवर तुटून पडतो. पृष्ठभागावर जाडसर, ओबडधोबड थर चढतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे पट्टे आपण पाहिले असतील. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात तेल सांडले की जसे रंग दिसतात, तसेच हे रंग थराच्या कमीजास्त जाडीमुळे दिसतात. पुष्कळांना ते शोभिवंत वाटतात. परंतु हा जाड थर बनताना खालच्या धातूतले क्रोमियम वर ओढले जाते आणि लगतचा धातू क्रोमियमला पारखा होतो. वरचा थर भेगाळ, खालचा धातू दुबळा. पावसाचे पाणी त्यात शिरले की गंजाला आमंत्रणच. मिस्त्रींनी "जोड उघडा राहिला" म्हटले ते यामुळे.

दुसरे एक कारण टाकी बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचे होते. आपल्याकडे एकाच शेडमध्ये साध्या लोखंडाचे आणि स्टेनलेसचे काम चालते. एम.एस. घासलेला ग्राइंडर, तोच लोखंडी वायर ब्रश स्टेनलेसवर फिरला, की लोखंडाचे बारीक कण पृष्ठभागात रुतून बसतात. ते गंजतात, आणि त्यांच्याभोवती स्टेनलेसही हळूहळू बिघडते. भगिनींनो, हा अनुभव तुमच्या मोरीतला आहे. गंजणारी लोखंडी तारेची घासणी ओली करून स्टीलच्या सिंकमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी खाली तपकिरी डाग दिसेल. दोष सिंकचा नसतो, घासणीचा असतो.

तिसरे कारण सफाईने बरे होणारे नाही, म्हणून तेही माहीत असावे. धातू बराच वेळ ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहिला तर त्यातला कार्बन क्रोमियमला धरून ठेवतो आणि धातूच्या कणांच्या कडा आतूनच कमजोर होतात. यावर उपाय म्हणजे ताप मर्यादेत ठेवणे आणि मुळातच कमी कार्बनचा पत्रा घेणे. ३०४ च्या पुढे 'एल' अक्षर असते त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांहून जास्त नसतो. एका अक्षराला किती किंमत असते पाहा!

मिस्त्रींनी टाकी उतरवली आणि आपल्या शेडमध्ये नेली. "हे काम वस्तीत करायचे नसते," ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा आणि मी, दोघेही तिथे गेलो. त्यांनी आम्हाला दाराशी, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे केले आणि काम सुरू केले. जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

पहिले काम तेल-मळ काढण्याचे. साबणाचे पाणी आणि स्वच्छ फडके. अंगाला तेल असेल तर आम्ल तिथे पोहोचतच नाही. ही परीक्षा सोपी आहे. पाणी ओतले असता ते पत्र्यावर सलग पसरले तर पत्रा स्वच्छ, आणि थेंब-थेंब होऊन फुटले तर अजून तेल आहे.

दुसरे काम घासण्याचे. त्यासाठी स्टेनलेसच्याच तारांचा ब्रश, तोही फक्त स्टेनलेससाठी राखलेला. त्यांनी त्याच्या दांड्याला हिरवा रंग लावून ठेवला होता, म्हणजे चुकून कोणी तो लोखंडावर वापरू नये. वेल्डिंगचे उडालेले थेंब आणि राख त्यांनी काढली. मी म्हटले, "रंग गेला की, झाले!" ते हसले. "सर, ब्रशने रंग जातो, रोग राहतो." रंगाखालचा क्रोमियम गमावलेला थर अजून तिथेच होता.

तिसरे काम पिकलिंग. आंब्याच्या लोणच्याशी याचा संबंध नाही. येथे आम्लाने तो बिघडलेला थर आणि रुतलेले लोखंड विरघळवून टाकतात. त्यासाठी डब्यात घट्ट पेस्ट मिळते. तिच्यात नायट्रिक आम्ल आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल अशी दोन आम्ले असतात. एकटे नायट्रिक तो जळका थर काढू शकत नाही, त्याला हायड्रोफ्लोरिकची जोड लागते. पेस्ट जोडावर ब्रशने लावायची, डब्यावर दिलेला वेळच ठेवायची, उन्हात करायचे नाही, वाळू द्यायचे नाही. जास्त ठेवली तर चांगला धातूही खाल्ला जातो. मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे. खाडीकाठच्या बोअरिंगचे खारट पाणी चालत नाही, कारण मिठातले क्लोराइड हे त्या पातळ थराचे जन्माचे वैरी आहे.

चौथे काम पॅसिव्हेशन. धातू आता निखळ स्वच्छ झाला. नुसता हवेत ठेवला तरी एकदोन दिवसांत त्यावर राखण करणारा थर धरेल. तो लवकर आणि भरीव व्हावा, शिवाय उरलासुरला लोखंडाचा कण निघून जावा, म्हणून त्याला नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने न्हाऊ घालतात. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबातले आम्ल. अमेरिकन मानकात त्याचे ४ ते १० टक्क्यांचे द्रावण साध्या तापमानाला निदान वीस मिनिटे ठेवण्याची रीत दिली आहे. मिस्त्री आता हेच वापरतात. याचा वास नाही, धूर नाही आणि हाताला धोकाही पुष्कळ कमी. मात्र क्रम चुकवू नये. पॅसिव्हेशनने जळका रंग निघत नाही. आधी पिकलिंग, मग पॅसिव्हेशन. पुष्कळ ठिकाणी पहिले गाळून दुसरे करतात आणि मग आम्लाला नावे ठेवतात.

शेवटी पुन्हा धुणे, कोरडे करणे आणि परीक्षा. मोरचुदाचे किंचित आम्लयुक्त द्रावण पृष्ठभागावर सहा मिनिटे ओले ठेवतात. लोखंडाचा कण उरला असेल तर तिथे तांब्याचा गुलाबी थर धरतो. पण खाण्यापिण्याच्या भांड्यांवर ही परीक्षा करायची नसते. म्हणून मिस्त्रींनी टाकी एक दिवसभर आलटून पालटून ओली आणि कोरडी केली. कुठेही तपकिरी ठिपका उमटला नाही, तेव्हाच टाकी परत आणली.

जाता जाता एक सांगतो. मोठ्या कामात जळका रंग उमटूच नये म्हणून नळीच्या आतून आर्गॉन वायू सोडतात, म्हणजे तापलेल्या धातूला प्राणवायू मिळत नाही. काही शेडमध्ये विजेच्या प्रवाहावर चालणारा ब्रश आणि फॉस्फोरिक आम्ल वापरून जोड साफ करतात, त्यात हायड्रोफ्लोरिकची गरज लागत नाही. ज्यांना धंदा वाढवायचा आहे त्यांनी या साधनांची चौकशी अवश्य करावी.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो आहे त्या भागाकडे येतो.

त्या दिवशी पेस्टचा डबा उघडण्यापूर्वी मिस्त्रींनी डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर संरक्षक ढाल, कोपरापर्यंत जाड हातमोजे आणि रबरी एप्रन चढवला. हातमोजे त्यांनी आधी पाण्यात दाबून पाहिले, कुठे बुडबुडा येतो का म्हणून. मी म्हणालो, "बरीच तयारी आहे." त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटांची नखे वाकडीतिकडी, टोके आखडलेली.

बारा वर्षांपूर्वी ते दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर होते. पेस्ट लावताना हातमोज्याला बारीक भोक होते. बोट किंचित ओले झाले. जळजळ नाही, फोड नाही. नळाखाली हात धुतला आणि काम पुढे चालू ठेवले. रात्री दोनच्या सुमाराला कळ उठली. हाड कोणी आतून पोखरीत आहे अशी कळ! जवळच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितले, "ॲसिड लागले." कोणते ॲसिड, ते त्यांना ठाऊक नव्हते. साध्या भाजण्यावरचे मलम मिळाले. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत व्हायचे ते नुकसान झाले होते.

बंधू-भगिनींनो, हायड्रोफ्लोरिक आम्लाचा स्वभाव इतर आम्लांसारखा नाही. ते कातडीला वरवर फारसे न जाळता आत मुरते आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरते. पातळ द्रावण लागले असेल तर वेदना कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. जास्त प्रमाणात लागले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावूही शकतो. काचही त्यात विरघळते, म्हणून ते काचेच्या बाटलीत भरून ठेवायचे नाही. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लागते. ते शेडमध्ये आधीपासून हजर हवे, अपघातानंतर शोधत बसण्याची ती वस्तू नव्हे. आम्ल लागल्याची नुसती शंका आली तरी कपडे काढावेत, वाहत्या पाण्याखाली जागा धरावी, हातमोजा घातलेल्या हाताने ते मलम चोळत राहावे आणि वेदना नसली तरी रुग्णालय गाठावे. डोळ्याला लागले तर मलम नाही, फक्त पाणी आणि तातडीने डॉक्टर. आणि डॉक्टरांना आम्लाचे नाव सांगावे, शक्य तर डब्यावरची चिठ्ठी दाखवावी. नायट्रिकचा तपकिरी धूर छातीत गेला तरी असेच समजावे. त्या वेळी बरे वाटले तरी त्रास काही तासांनी बळावतो.

मी मिस्त्रींना विचारले, "त्या डब्यावर हे काही लिहिलेले नव्हते?"

ते म्हणाले, "सर्व लिहिलेले होते, सर. इंग्रजीत. मला वाचता येत नव्हते, आणि ज्याला येत होते त्याने वाचून दाखवले नाही."

त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने डबा हातात घेतला आणि अडखळत एकेक ओळ वाचू लागला. एका शब्दाशी थांबून त्याने मला अर्थ विचारला. मलाही तो नीट सांगता येईना. मी इतकी वर्षे मुलांना निबंध शिकवले, म्हणी पाठ करून घेतल्या, पण बापाच्या हातातल्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचायला मी कधी शिकवले नव्हते. त्या दिवशी मी घरी आलो तो हे मनात घेऊनच. आज मी येथे उभा आहे तोही त्यामुळेच.

तेव्हापासून त्या घरात एक रिवाज झाला आहे. नवा डबा आला की मुलगा आधी सगळी चिठ्ठी वाचतो, अब्बांना मराठीत समजावतो आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून शेडच्या भिंतीला डकवतो. प्रत्येक रसायनाबरोबर त्याचे सुरक्षा-पत्रक असते. ते दुकानदाराकडून मागून घ्यावे. ते मागण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट, जी कारखान्याच्या भिंतीपलीकडची आहे. पिकलिंगनंतर जे धुण्याचे पाणी निघते त्यात आम्लाबरोबर क्रोमियम, निकेल आणि फ्लोराइड असते. ते गटारात सोडले की कुठे जाते? उल्हास नदी आपल्या मांजर्लीहून दूर नाही, आणि तिचेच पाणी आपण आणि आपल्यासारखी किती तरी शहरे पितात. काकोळ्याकडून निघून, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीची आपण काय अवस्था केली ते सर्वांसमोर आहे. २०१४ साली उल्हासनगरात टँकरमधले रासायनिक सांडपाणी तिच्यात सोडले गेले आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. आपली एक बादली त्या टँकरपुढे लहान वाटेल, पण शंभर शेडच्या शंभर बादल्या रोज ओतल्या तर टँकर भरतोच. या पाण्यात चुना घातला की आम्ल मरते, फ्लोराइड आणि धातू साक्याच्या रूपाने खाली बसतात. तो साका घातक कचरा समजून मान्यताप्राप्त यंत्रणेकडेच द्यायचा असतो, तळोज्याला तशी सामाईक व्यवस्था आहे. एकट्या शेडवाल्याला हे अवघड जाते हे मला मान्य आहे. म्हणून पाच-दहा जणांनी एकत्र येऊन ही सोय करावी, अशी माझी सूचना आहे.

घरातल्या उपयोगाच्या दोन गोष्टीही सांगतो. स्टीलच्या पातेल्यात थंड पाण्यात मीठ टाकून ठेवू नका. मीठ तळाशी बसते आणि तिथे बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे. आणि फरशी धुण्याचे ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर स्टीलच्या भांड्याला, टाकीला लागू देऊ नका. त्यांतले क्लोरीन त्या पातळ थराला भोके पाडते. टाकी निर्जंतुक करायची असेल तर पावडर आधी वेगळ्या बादलीत विरघळवावी, योग्य प्रमाणातच घ्यावी आणि नंतर टाकी धुऊन टाकावी.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे माझ्या विषयातले, म्हणजे इतिहासातले सांगतो. १८३६ साली श्योनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने एका चमत्काराविषयी मायकेल फॅरडे यांना कळवले. तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलेले लोखंड विरघळत नाही, उलट नंतर ते आम्लाला दाद देईनासे होते. फॅरडे यांनी प्रयोग करून पाहिले आणि धातूवर प्राणवायूचा न दिसणारा थर धरत असावा असे अनुमान मांडले. हे फॅरडे लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शास्त्रज्ञ झाले. पुढे १९१२ च्या सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात क्रोमियम-निकेलचे पोलाद तयार झाले, आणि १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून धातू शोधता शोधता न गंजणारे पोलाद ओतले. ब्रिअर्ली भट्टीकामगाराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली, प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले. बाटल्या धुता धुता आणि रात्री अभ्यास करता करता ते रसायनशास्त्र शिकले. बाटल्या धुणाऱ्या त्या पोराने बाटलीवरची चिठ्ठी वाचली नसती, तर आज आपल्या घरी स्टीलचे ताट केव्हा आले असते, कोण जाणे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडके आहे. आज घरी गेल्यावर वडिलांना, चाचांना, भावाला विचारा की कामावर कोणती रसायने वापरता. डब्याची चिठ्ठी मागून आणा. जो शब्द अडेल तो वहीत लिहा आणि वर्गात मला विचारा. मला आला नाही तर आपण दोघे मिळून शोधू. ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी अंबरनाथच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा विचार करावा. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. नुसत्या पाहण्यातून शिकलेला हात आणि कारण जाणून शिकलेला हात यांच्या मजुरीतही फरक पडतो.

पालकांना विनंती अशी की, मुलाने काही वाचून दाखवले तर "आम्ही इतकी वर्षे असेच करत आलो" असे म्हणून त्याला गप्प करू नका. आणि जे स्वतः मालक आहेत त्यांनी आपल्या हेल्परला चांगले हातमोजे आणि त्या मलमाची एक ट्यूब द्यावी. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

ती टाकी आजही आमच्या वस्तीत उभी आहे. त्यानंतरचे पावसाळे तिने काढले, जोडांवर एक रेघ नाही. येता-जाता मुले तिचे पाणी पितात. मिस्त्रींचा मुलगा यंदा दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहतो आहे. रविवारी तो शेडमध्ये असतो, आणि अब्बांनी हातमोजे पाण्यात दाबून पाहिल्याशिवाय डब्याचे झाकण उघडू देत नाही.